समुद्रातला जुना तेल-प्लॅटफॉर्म काढण्याची योजना कशी तपासावी

मुंबईच्या पश्चिमेला सुमारे १६० किलोमीटरवर ‘सागर सम्राट’ या समुद्रात विहिरी खोदणाऱ्या रिगला १९७४ मध्ये तेल लागले, मे १९७६ मध्ये उत्पादन सुरू झाले आणि पुढच्या काही दशकांत मुंबई हाय, वसई, हीरा, नीलम या क्षेत्रांवर पोलादी प्लॅटफॉर्मचे एक गावच पाण्यावर उभे राहिले. अशा बांधकामांचे आयुष्य साधारणपणे पंचवीस वर्षांचे धरलेले असते. डागडुजी करून, पोलादाची झीज मोजून ते वाढवता येते आणि आपल्याकडे ते वाढवलेही आहे. पण विहिरीतून निघणाऱ्या तेला-वायूच्या किमतीपेक्षा ती चालवण्याचा खर्च जास्त होतो, तेव्हा काम थांबवून सगळे आवरावेच लागते. मुंबईच्या उत्तरेला, खंभातच्या आखाताच्या तोंडाशी असलेल्या मध्य आणि दक्षिण ताप्ती या वायुक्षेत्रांत हे घडले. शेल, रिलायन्स आणि ओएनजीसी यांच्या संयुक्त उपक्रमाने तिथल्या ३८ विहिरी बुजवल्या, पाच विहीर-प्लॅटफॉर्म उचलून नेले आणि २०२४ मध्ये देशातले अशा प्रकारचे पहिले काम पूर्ण झाल्याचे जाहीर केले. ते पहिले होते, म्हणजे यापुढे आणखी येणार आहेत.

या कामाला उद्योगात ‘डीकमिशनिंग’ म्हणतात, आणि त्याच्या योजनेचे दस्तऐवज जाडजूड, इंग्रजी आणि आकृत्यांनी भरलेले असतात. ही मार्गदर्शिका मच्छीमार सहकारी संस्थांचे पदाधिकारी, किनाऱ्यावरचे पत्रकार, पर्यावरणाचे विद्यार्थी आणि या कामाचा किती भार सार्वजनिक तिजोरीवर येणार हे ज्यांना समजून घ्यायचे आहे, अशा सर्वांसाठी आहे. माझा आग्रह एकच आहे, आणि तो वाचनाच्या क्रमाबद्दल आहे. योजना बहुधा पाण्यावर दिसणाऱ्या मनोऱ्यापासून सुरू होते, कारण छायाचित्रे त्याचीच चांगली येतात. आपण मात्र समुद्रतळाखालच्या विहिरी आणि बँकेतला पैसा या दोन प्रकरणांपासून वाचायला सुरुवात करावी. धोका आणि खर्च यांचा मोठा वाटा तिथेच असतो, आणि पाणी मुरायचे असेल तर तेही तिथेच मुरते.

आधी विहिरी

प्लॅटफॉर्म काढून टाकला तरी त्याखालची विहीर जागेवरच राहते. हजार-दोन हजार मीटर खोल, एकात एक बसवलेल्या पोलादी नळ्यांची ती एक वाट आहे आणि तिच्या तळाशी तेल किंवा वायू थोडाफार दाबाने शिल्लक असतो. ही वाट कायमची बंद करणे म्हणजे विहीर बुजवणे. ब्रिटनच्या उत्तर समुद्रातल्या खर्चाचे हिशेब पाहिले, तर एकूण खर्चाचा जवळजवळ निम्मा भाग या एकाच कामावर जातो. म्हणून योजनेतील विहिरींचे प्रकरण चार पानांचे आणि मनोरा उचलण्याचे चाळीस पानांचे असेल, तर तिथेच पहिली शंका घ्यावी.

विहीर बुजवताना आतली उत्पादन-नळी बाहेर काढली जाते किंवा कापली जाते, तेल-वायू असलेल्या थराच्या वर सिमेंटचे लांब बूच भरले जाते, वाटेत आणखी पाणी किंवा वायू धरून ठेवणारे थर असतील तर त्यांच्यासाठी वेगळे बूच भरतात आणि शेवटी समुद्रतळाजवळ एक वरचे बूच बसवून नळ्या तळाखाली कापतात. ब्रिटनमधील उद्योगाच्या प्रचलित नियमावलीत तेल-वायू असलेल्या थरासाठी दोन स्वतंत्र कायमस्वरूपी अडथळे अपेक्षित असतात. आपल्यासमोरच्या योजनेत प्रत्येक विहिरीसाठी किती अडथळे आहेत, ते कोणत्या खोलीवर आहेत आणि त्यांची चाचणी कशी होणार आहे, हे तक्त्यात दिलेले असायला हवे. सर्व विहिरींना मिळून एकच नमुना-आकृती दिली असेल, तर प्रत्येक विहिरीचा तक्ता लेखी मागावा. चाळीस वर्षांत खोदलेल्या विहिरी एकसारख्या नसतात. एखादीत जुने अवजार अडकलेले असते, एखादीची नळी गंजून फुटलेली असते, आणि नेमक्या अशाच विहिरी पुढे त्रास देतात.

त्यातही घोडे पेंड खाते ते नळीच्या बाहेर. नळीच्या आत भरलेले सिमेंट नीट असले, तरी नळी आणि खडक यांच्यामधल्या पोकळीत विहीर खोदताना भरलेले जुने सिमेंट जर भेगाळलेले असेल, तर वायू बुचाला वळसा घालून वर येऊ शकतो. हे सिमेंट खडकाला आणि नळीला किती धरून आहे, हे ध्वनिलहरींच्या तपासणीने कळते. म्हणून प्रश्न नेमका विचारावा: बाहेरच्या सिमेंटची तपासणी किती विहिरींत झाली, तिचा निकाल काय आला, आणि जिथे ते कमकुवत निघाले तिथे काय केले?

गळती झालीच, तर तिचा परिणाम पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो. मुंबई हायसारख्या ठिकाणी तळातून निघणाऱ्या मिथेनच्या बुडबुड्यांचा बराच भाग वर येईपर्यंत पाण्यात विरघळतो आणि सूक्ष्मजीव तो पचवतात. ताप्तीसारख्या उथळ पाण्यात मात्र तोच वायू पृष्ठभागापर्यंत पोचण्याची आणि हवेत मिसळण्याची शक्यता जास्त असते. आणि मिथेन हा कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट तीव्र हरितगृह वायू आहे. किनाऱ्याजवळची लहान, उथळ विहीर म्हणून ती दुय्यम मानू नये, असा याचा अर्थ.

किती काढायचे, हे खोली ठरवते

आता मनोऱ्याकडे वळू. त्याचे दोन भाग असतात. वरचा ‘टॉपसाइड’ म्हणजे यंत्रे, टाक्या, राहण्याच्या खोल्या, हेलिपॅड. आणि त्याला तोलून धरणारा पाण्यातला पोलादी सांगाडा म्हणजे ‘जॅकेट’. टॉपसाइड पूर्ण काढून किनाऱ्यावर आणायचा, याबद्दल सहसा वाद नसतो. वाद असतो तो जॅकेटचा.

संयुक्त राष्ट्रांच्या १९८२ च्या सागरी कायदा करारातील कलम ६० नुसार वापरात नसलेली बांधकामे जहाजवाहतुकीच्या सुरक्षिततेसाठी काढली पाहिजेत, आणि ती काढताना मासेमारी व सागरी पर्यावरण यांचा योग्य विचार झाला पाहिजे. हे किती प्रमाणात, याचे मोजमाप आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेच्या १९८९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत आहे: ७५ मीटरपेक्षा कमी खोलीत उभे असलेले आणि डेक वगळता ४,००० टनांपेक्षा कमी वजनाचे बांधकाम पूर्ण काढावे. १ जानेवारी १९९८ नंतर उभारलेल्या बांधकामांसाठी खोलीची ही मर्यादा १०० मीटर आहे. अंशतः काढायची परवानगी मिळाली, तर उरलेल्या भागावर किमान ५५ मीटर मोकळे पाणी राहिले पाहिजे. तांत्रिक अशक्यता, अतोनात खर्च किंवा कामगारांना अथवा समुद्राला अस्वीकार्य धोका, हे अपवादही त्यात आहेत.

हे आकडे आपल्या समुद्राला लावून पाहावेत, कारण योजना लिहिणारे ते लावून दाखवतीलच असे नाही. मुंबई हायमधील पाणी साधारण ७५ मीटर खोल आहे; कोळी बांधवांच्या मापात जवळपास ४१ वाव. म्हणजे नियमाची रेषा या क्षेत्राच्या मधूनच जाते! थोड्या उथळ जागेवरचा प्लॅटफॉर्म पूर्ण काढावा लागेल, तर थोड्या खोल जागेवरचा, पण १९९८ पूर्वी उभारलेला त्याचा शेजारी अपवादाच्या चौकटीत बसू शकेल. म्हणून प्रत्येक बांधकामाची मोजलेली खोली, वजन आणि उभारणीचे वर्ष या तीन गोष्टी स्वतंत्रपणे मागाव्यात आणि ‘क्षेत्राची सरासरी खोली’ हे उत्तर स्वीकारू नये. पुढचे गणितही सोपे आहे. ७५ मीटर पाण्यात वरचे ५५ मीटर मोकळे ठेवले, तर खाली उरतो २० मीटरचा बुंधा. एवढ्यासाठी जॅकेटचा खालचा भाग ठेवण्याची मागणी आली, तर त्यातून नेमके किती रुपये वाचणार आणि तो बुंधा पुढची शंभर वर्षे कोणाच्या नावावर राहणार, हे विचारणे रास्त आहे. ताप्तीच्या उथळ पाण्यात तर ५५ मीटरची अट पाळता येणेच शक्य नाही. तिथे पूर्ण काढणे हाच मार्ग.

पूर्ण काढणे म्हणजे तळाशी करवत लावणे नव्हे. सांगाड्याचे पाय समुद्रतळात खोलवर ठोकलेल्या खांबांनी जखडलेले असतात, आणि ते तळाच्या पातळीला कापले तर पुढे गाळ वाहून जाऊन त्यांची टोके वर येतात. अमेरिकेच्या नियमांत ते तळाखाली किमान १५ फूट कापण्याची अट आहे. आपल्या योजनेत हा आकडा काय आहे, तो शोधून त्याखाली रेघ मारून ठेवावी.

युरोपात चौकट अधिक कडक आहे. ईशान्य अटलांटिकमधील देशांनी १९९८ मध्ये घेतलेल्या निर्णयाने जुनी बांधकामे समुद्रात टाकून देण्यावर बंदी आली आणि फक्त १०,००० टनांपेक्षा जड जुन्या पोलादी सांगाड्यांचे पाय किंवा काँक्रीटचे महाकाय पाये यांसारख्यांसाठी सवलतीचा दरवाजा किलकिला ठेवला गेला. उत्तर समुद्रातल्या ब्रेंट क्षेत्रातील डेल्टा प्लॅटफॉर्मचा २४,२०० टनांचा टॉपसाइड २०१७ मध्ये ‘पायोनियरिंग स्पिरिट’ या जहाजाने एकाच वेळी उचलला, तेव्हा जगभर त्याची छायाचित्रे झळकली. त्या क्षेत्रातील प्लॅटफॉर्मच्या सुमारे तीन-तीन लाख टनांच्या काँक्रीटच्या पायांचे आणि त्यांच्या पोटातील तेलकट गाळाचे काय करायचे, हा वाद मात्र त्यानंतरही अनेक वर्षे चालू राहिला. उचललेल्या भागाइतकीच चौकशी मागे ठेवलेल्या भागाची करावी, हे त्यातून शिकण्यासारखे आहे.

‘माशांसाठी ठेवू या’ हा युक्तिवाद

जुने जॅकेट समुद्रातच ठेवून त्याचा कृत्रिम प्रवाळखडकासारखा उपयोग करावा, ही कल्पना आपल्याकडेही मांडली जाईल आणि ती ऐकायला गोड आहे. तिला आधारही आहे. मेक्सिकोच्या आखातात १९८४ च्या अमेरिकी कायद्यानंतर पाचशेहून अधिक प्लॅटफॉर्म अशा प्रकारे ठेवले गेले. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरील प्लॅटफॉर्मभोवती दर चौरस मीटरमागे माशांची निर्मिती अतिशय जास्त असल्याचे २०१४ च्या एका प्रसिद्ध शोधनिबंधात दाखवले गेले. वाळू आणि गाळाच्या सपाट तळावर एक उभा, टणक आधार मिळाला की शिंपले, स्पंज, शेवाळ चिकटतात, लहान मासे आडोसा धरतात आणि मोठे त्यांच्यामागे येतात. आपल्या समुद्रातही प्लॅटफॉर्मच्या आसपास मासा धरून असतो, हे मच्छीमारांना कोणी सांगायला नको.

तरी हा युक्तिवाद समोर आला की तीन गोष्टी वेगळ्या कराव्यात. मासे तिथे वाढतात की आजूबाजूचे फक्त तिथे गोळा होतात, हा वाद शास्त्रज्ञांत जुना आहे आणि त्याचे उत्तर जातीगणिक, जागेगणिक बदलते. कॅलिफोर्नियाच्या खोल, थंड पाण्यातील निष्कर्ष अरबी समुद्राला जसेच्या तसे लावता येत नाहीत. दुसरे असे की प्लॅटफॉर्मभोवती ५०० मीटरचे सुरक्षाक्षेत्र असते आणि तिथे बोटींना मज्जाव असतो, त्यामुळे आज जी समृद्धी दिसते तिच्यात पोलादाचा वाटा किती आणि मज्जावाचा किती, हे तपासल्याशिवाय सांगता येत नाही. प्लॅटफॉर्म गेला की सुरक्षाक्षेत्रही जाते. सांगाडा ठेवला आणि मज्जाव उठवला, तर एकाच हंगामात तो मासा उपसला जाऊ शकतो. तिसरा प्रश्न लाभार्थ्यांचा आहे. डोल जाळी लावणारा किनाऱ्याजवळचा मच्छीमार १६० किलोमीटरवरच्या खडकाचा फायदा घेऊ शकत नाही, गळाने मासे पकडणाऱ्याला तो हवासा वाटेल, आणि ट्रॉलरवाल्याला तोच खडक जाळे फाडणारा शत्रू वाटेल. ‘मच्छीमार समाजाचा पाठिंबा आहे’ असे वाक्य योजनेत आले, तर कोणत्या जाळ्याच्या मच्छीमारांचा, असे विचारावे.

आणि वाचलेल्या पैशाचे काय? सांगाडा मागे ठेवल्याने कंपनीचा खर्च कमी होतो. लुइझियाना राज्याने यावर सरळ उपाय केला: वाचलेल्या रकमेचा निम्मा भाग कंपनीने राज्याच्या कृत्रिम खडकांच्या निधीत भरायचा. अशी अट नसलेली मत्स्यप्रेमाची भाषा मी स्वतः सावधपणे वाचतो. ठेवायचेच असेल तर दुसरा मार्गही आहे. थायलंडच्या आखातातील सात जॅकेट २०२० मध्ये उचलून, वाहून नेऊन कोह फांगन बेटाजवळ ठरवलेल्या जागी ठेवण्यात आली. म्हणजे खडक कुठे हवा हे उद्योगाच्या सोयीने न ठरता मासेमारीच्या सोयीने ठरू शकते.

काय काय घाण आहे, याची यादी

टॉपसाइड आणि पाइपलाइन यांच्या पोटात काय शिल्लक आहे, याची मोजलेली यादी योजनेला जोडलेली असावी. उरलेले तेल, पारा, जुन्या आवरणांतील ॲस्बेस्टॉस, रंगांतील शिसे हे तर असतेच. शिवाय विहिरीतून तेलाबरोबर येणाऱ्या पाण्यातील रेडियम पाइपांच्या आत खवल्यांसारखे साचते आणि त्या खवल्यांना सौम्य किरणोत्सार असतो. समुद्रात निरुपद्रवी असलेले हे खवले किनाऱ्यावर पाइप कापताना धूळ होऊन कामगाराच्या फुफ्फुसात जाऊ शकतात. अलंगसारख्या ठिकाणी जहाजे फोडणाऱ्या माणसांनी कोणती किंमत मोजली हे आपण पाहिले आहे, म्हणून भंगार कोणत्या यार्डात जाणार, तिथे किरणोत्साराची मोजणी कोण करणार आणि खवले शेवटी कुठे पुरणार, हे प्रश्न समुद्राच्या प्रश्नांइतकेच महत्त्वाचे समजावेत.

तळावर खोदमातीचे, म्हणजे विहीर खोदताना निघालेल्या खडकाच्या चुऱ्याचे, ढीगही असू शकतात. उत्तर समुद्राच्या खोल, संथ भागात तेलमिश्रित खोदमातीचे ढीग दशकानुदशके जागेवर राहिले आणि सांगाडा ओढताना ते ढवळले जाण्याचा धोका उभा राहिला. खंभातच्या आखाताच्या तोंडाशी भरती-ओहोटीचा जोर इतका असतो, की तिथे ढीग टिकण्याची शक्यता कमी. पण तोच जोर पुरलेल्या पाइपलाइनवरची माती वाहून नेतो, आणि तिचा विचार पुढे करावा लागेल.

यादी वाचताना एक जुनी गोष्ट लक्षात ठेवावी. १९९५ मध्ये शेल कंपनीने ‘ब्रेंट स्पार’ ही तेलसाठ्याची तरंगती टाकी अटलांटिकच्या खोल पाण्यात बुडवायचे ठरवले, ग्रीनपीसचे कार्यकर्ते तिच्यावर चढले, युरोपभर पेट्रोलपंपांवर बहिष्कार पडला आणि जूनमध्ये कंपनीने माघार घेतली. टाकीत ५,५०० टन तेल आहे, असा आकडा त्या काळात ग्रीनपीसने दिला होता. तो चुकीचा ठरला आणि संघटनेने सप्टेंबरमध्ये माफी मागितली. टाकी पुढे कापून नॉर्वेतील एका धक्क्याच्या पायात वापरली गेली. मागणी बरोबर असली तरी आकडा चुकला की पुढची वीस वर्षे समोरचा पक्ष त्याच चुकीकडे बोट दाखवतो. त्यामुळे निवेदनात मोजलेलाच आकडा लिहावा, आणि तो नसेल तर ‘मोजून द्या’ एवढेच लिहावे.

वेळापत्रक आणि मासेमारीचा हंगाम

याबद्दल योजनेत एखादीच ओळ असते आणि आपल्याकडे तीच सर्वांत झोंबणारी ठरू शकते. उत्तर समुद्रात जड उचल उन्हाळ्यात होते. अरबी समुद्रात पावसाळ्याचे चार महिने मोठ्या क्रेनची जहाजे काम करू शकत नाहीत, म्हणजे काम ऑक्टोबर ते मे याच काळात होणार. पश्चिम किनाऱ्यावरील मासेमारी-बंदी १ जूनपासून ६१ दिवसांची असते. दोन्ही वेळापत्रके शेजारी ठेवली की दिसते, की बंदीच्या काळात काम उरकून घ्या ही सूचना आपल्या समुद्रात निरर्थक आहे. काम आणि मासेमारी एकाच हंगामात, एकाच पाण्यात होणार. म्हणून नुकसानभरपाई ‘आवश्यकता भासल्यास’ न ठेवता, कोणत्या महिन्यांत किती चौरस किलोमीटर क्षेत्र बंद राहील यावरून आधीच ठरवून घ्यावी लागते. मे महिन्यात काम रेटण्याच्या मोहाबद्दलही विचारावे. १७ मे २०२१ रोजी तौक्ते चक्रीवादळात मुंबई हायजवळ पी-३०५ ही कामगारांची तरंगती निवासनौका बुडाली आणि साठाहून अधिक माणसे गेली. हंगाम कोणत्या तारखेला संपवणार आणि वादळाचा इशारा आल्यावर किती तासांत सर्व जहाजे बंदरात आणणार, हे योजनेत तारखेने आणि तासांनी लिहिलेले असावे.

कापण्याची पद्धतही इथेच पाहून घ्यावी. स्फोटके वापरली तर जवळचे मासे जागीच मरतात, आणि डॉल्फिन व कासवे यांना इजा होते; हिऱ्यांच्या तारेची करवत किंवा वाळूमिश्रित पाण्याचा झोत वापरणे हळू पण सौम्य असते.

पैसा: तरतूद आणि ठेव यांतला फरक

प्लॅटफॉर्म काढण्याचा खर्च अशा वेळी येतो, जेव्हा त्यातून एक रुपयाही मिळत नसतो. निघालेल्या पोलादाच्या भंगाराला भाव मिळतो, पण क्रेनच्या जहाजाच्या रोजच्या भाड्यापुढे तो किरकोळ असतो. म्हणून तेल वाहत असतानाच पैसा बाजूला ठेवावा लागतो. आपल्याकडे त्यासाठी १९९९ ची ‘साइट रेस्टोरेशन फंड’ योजना आली, आणि १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ३३एबीएनुसार अशा खात्यात भरलेल्या रकमेवर, नफ्याच्या २० टक्क्यांच्या मर्यादेत, कंपनीला करवजावट मिळू लागली. म्हणजे या खर्चाचा काही भाग कमी मिळालेल्या कराच्या रूपाने सार्वजनिक तिजोरीच उचलते. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाने २०१९ मध्ये तिथल्या तिजोरीवरचा हा बोजा २४ अब्ज पौंड असल्याचा अंदाज दिला होता. ही व्यवस्था मला गैर वाटत नाही. पण पैसा आपलाही आहे म्हटल्यावर हिशेब मागण्याचा अधिकारही आपला आहे.

कंपनीच्या वार्षिक अहवालात या खर्चासाठी ‘तरतूद’ दाखवलेली असते, आणि ती पाहून अनेकांचे समाधान होते. तरतूद म्हणजे ताळेबंदात लिहिलेले देणे. त्याच्या मागे रोख रक्कम असेलच असे नाही. ठेव म्हणजे वेगळ्या खात्यात खरोखर भरलेला पैसा. दोन्ही आकडे अहवालातून शोधून एकमेकांशेजारी लिहावेत. तरतुदीचा आकडासुद्धा भविष्यातला खर्च आजच्या किमतीत उतरवून दाखवलेला असतो, आणि तो उतरवण्याचा दर थोडा बदलला की चित्र पालटते. वीस वर्षांनी १,००० कोटी रुपये लागणार असतील, तर ७ टक्के दराने आजची तरतूद सुमारे २५८ कोटी दिसते आणि ९ टक्के दराने सुमारे १७८ कोटी. काम तेच, विहिरी त्याच, पण कागदावर ८० कोटींचे ओझे हलके झाले. म्हणून अहवालाच्या टिपांमध्ये हा दर किती धरला आहे आणि मागच्या वर्षी किती होता, ते पाहावे.

शेवटचा आर्थिक प्रश्न मालकी बदलण्याचा. मोठी कंपनी उतारवयातले क्षेत्र लहान कंपनीला विकते, लहान कंपनी शेवटचे तेल काढते आणि मग हात वर करते. ऑस्ट्रेलियात ‘नॉर्दर्न एंडेव्हर’ या तरंगत्या उत्पादन-जहाजाच्या बाबतीत हेच झाले: वुडसाइड कंपनीकडून ते घेणारी छोटी कंपनी २०२० मध्ये दिवाळखोरीत गेली, काम सरकारवर आले आणि २०२२ च्या कायद्याने देशातील सर्व समुद्री तेल उत्पादकांवर पिंपामागे ४८ सेंटचा कर बसवून ते पैसे वसूल करावे लागले. ब्रिटनच्या १९९८ च्या पेट्रोलियम कायद्यात जुन्या भागीदारांनाही पुन्हा जबाबदार धरता येते. आपल्याकडे पन्ना-मुक्ता आणि ताप्ती या क्षेत्रांचा पंचवीस वर्षांचा उत्पादन-वाटणी करार डिसेंबर २०१९ मध्ये संपला आणि पन्ना-मुक्ता ओएनजीसीकडे परत आले. अशा प्रत्येक हस्तांतरात कोणती विहीर कोणाच्या नावावर बुजवली जाणार आणि आधीच साठवलेला निधी विहिरीबरोबर हस्तांतरित झाला का, हे करारातील शब्दांत वाचावे. वृत्तपत्रातल्या घोषणेवर विसंबू नये.

पुनर्वापराचा प्रस्ताव असेल तर त्याचे स्वागत करावे, पण त्याची मुदत विचारावी. ताप्तीचा प्रक्रिया-प्लॅटफॉर्म ओएनजीसीने आपल्या दुसऱ्या क्षेत्रासाठी घेतला. ज्या ‘सागर सम्राट’ने मुंबई हायचे तेल शोधले, तीच रिग रूपांतर होऊन २०२२ अखेर उत्पादन करणारे फिरते केंद्र म्हणून पुन्हा समुद्रात उभी राहिली. याउलट ‘भविष्यात उपयोग होईल’ एवढ्या आधारावर गंजत ठेवलेला प्लॅटफॉर्म दरवर्षी काढायला अधिक महाग आणि अधिक धोकादायक होत जातो.

काम झाल्यावर

पाइपलाइन सहसा धुऊन, टोके बंद करून जागेवरच ठेवल्या जातात. मार्च १९९७ मध्ये ‘वेस्टहेवन’ या स्कॉटिश ट्रॉलरचे जाळे उत्तर समुद्राच्या तळावरील पाइपलाइनला अडकून बोट उलटली आणि चार मच्छीमार गेले. प्रवाहाने उघड्या पडलेल्या, मधेच अधांतरी लोंबणाऱ्या नळीचा धोका असा असतो. म्हणून मागे राहणाऱ्या प्रत्येक नळीची पाहणी किती वर्षांनी होणार, उघडी पडली तर कोण पुरणार आणि त्यासाठी वेगळी रक्कम ठेवली आहे का, हे प्रश्न कामाच्या समारोपापूर्वीच मिटवावेत. प्लॅटफॉर्मच्या जागेवर ५०० मीटर परिघात तळ झाडून पाहिल्याचा अहवाल आणि तपासणीसाठी प्रत्यक्ष ट्रॉल जाळे ओढल्याची नोंद मागावी. स्थानिक ट्रॉलरच त्या कामावर घेतला तर उत्तम.

डेहराडूनच्या राष्ट्रीय जलसर्वेक्षण कार्यालयाच्या नकाशांवर बदल नोंदले जातात, पण छोट्या बोटीवर तो नकाशा क्वचितच असतो. तिथे असतो जीपीएस. त्यामुळे बुंधे, नळ्या, पुरलेली टोके यांचे अक्षांश-रेखांश बोटीच्या यंत्रात थेट भरता येतील अशा स्वरूपात, मराठीत आणि गुजरातीत, प्रत्येक मच्छीमार संस्थेला लेखी मिळावेत, आणि ती यादी पुढच्या १ ऑगस्टला बोटी समुद्रात जाण्यापूर्वी हातात पडेल अशी तारीख परवानगीच्या अटींतच घालून घ्यावी.